घडीचं घर

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण ज्याने कोणी केली त्याने विंचू नीट पाहिलेला नसावा. अर्थात विंचू नीट पाहायला सहसा कोणी थांबत नाही, हेही खरंच. विंचवाच्या पाठीवर बिऱ्हाड वगैरे काही नसतं. मादी आपली नुकती जन्मलेली पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते आणि ती जरा मोठी झाली की खाली उतरून आपापल्या वाटेने जातात. घर खरोखर पाठीवर घेऊन फिरणारे प्राणी तीनच : गोगलगाय, कासव आणि अमेरिकन माणूस. पहिले दोघे बिचारे सावकाश जातात. तिसरा ताशी १०० किलोमीटरने जातो, आणि जाताना घराचं छप्पर घडी करून ठेवतो.

आपल्याकडे ट्रकमध्ये माणसं दिसली की ते लग्नाचं वऱ्हाड तरी असतं, नाही तर सभेला नेलेली गर्दी तरी. अमेरिकेत ट्रकमध्ये घर दिसतं. एक पिक-अप ट्रक घ्यायचा, त्याच्या मागच्या हौद्यात एक तयार खोली आणून बसवायची, ती चारी कोपऱ्यांना आवळायची आणि निघायचं. या खोलीला कॅम्पर म्हणतात. तीत पलंग, शेगडी, मोरी, कपाट, जेवणाचं टेबल असं सगळं असतं. पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर. टेबल खाली केलं की त्याचाही पलंग. गिरगावात दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसांचा संसार केलेल्याला यात नवल वाटणार नाही. चाळ चालत नसे, एवढाच काय तो फरक.

या घराची खरी अडचण उंचीची. माणसाला ताठ उभं राहता येईल एवढं घर उंच केलं, तर ट्रक वाऱ्यात झोकांड्या खातो, झाडाच्या फांद्यांशी भांडतो आणि पेट्रोल तर असं पितो की विचारू नये. घर बुटकं केलं, तर आतला माणूस सुटीभर नमस्कार घालत हिंडतो. यावर उपाय एकच. रस्त्यावर असताना घर मिटायचं आणि मुक्कामाला पोचल्यावर उघडायचं. आपल्याकडे घडीची खुर्ची असते, घडीची छत्री असते. तसं हे घडीचं घर. ‘घडीचं’ या शब्दाचा दुसरा अर्थही इथे लागू पडतो. तो पुढे येईलच.

या प्रकाराचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. हेन्री फोर्डने १९०८ साली मॉडेल टी ही मोटार बाजारात आणली आणि पुढे तिची किंमत इतकी उतरवली की मास्तर, कारकून, शेतकरी सगळ्यांच्या दारात ती उभी राहिली. १९१५ साली यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानात मोटारींना प्रवेश मिळाला. मग काय, मोटारीच्या बाजूला तंबू बांधून लोक रानात राहू लागले. १९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा शहरी अशा हौशी मंडळींनी आपली एक संघटना काढली. नाव, ‘टिन कॅन टूरिस्ट्स’, म्हणजे डबेवाले प्रवासी. मुंबईच्या डबेवाल्यांशी त्यांचा काही संबंध नाही. हे लोक खूण म्हणून मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर एक रिकामा डबा डाग देऊन बसवत. रस्त्यात असा डबा दिसला की ओळखायचं, हा आपल्यातला.

खुद्द फोर्डसाहेबांनाही हा नाद होता. ते स्वतः, विजेच्या दिव्याचे एडिसन, टायरचे फायरस्टोन आणि जॉन बरोज नावाचे निसर्गलेखक, असे चौघे त्या काळात उन्हाळ्यात रानात राहायला जात. आपल्या टोळीला ते ‘भटके’ म्हणवून घेत. या भटक्यांबरोबर आचारी असत, ड्रायव्हर असत, स्वयंपाकघराचा वेगळा ट्रक असे, तंबूत एडिसनच्या बॅटऱ्यांवर दिवे लागत आणि जेवायला एक भलंमोठं गोल टेबल असे. त्याचा मधला भाग फिरवला की भाजीचं भांडं आपण होऊन तुमच्यापुढे हजर. १९२१ साली तर प्रेसिडेंट हार्डिंग त्यांच्या मुक्कामाला येऊन राहून गेले. रानात जायचं ते साधेपणाने राहायला, या तत्त्वावर त्यांची इतकी निष्ठा होती की तो साधेपणा वाहून न्यायला मोटारींचा तांडा लागे.

ही झाली हौस. आता दुसरी बाजू पाहा.

१९३० नंतरच्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सास, कॅन्सस या भागांत पाऊस रुसला. पीक गेलं, जमिनीची माती वाऱ्याबरोबर उडाली, बाजारात मंदी, डोक्यावर कर्ज. हजारो कुटुंबांनी मिळेल त्या जुन्या गाडीवर गाद्या, भांडी, म्हातारी माणसं आणि पोरंबाळं लादली आणि सहासष्ट नंबरच्या हमरस्त्याने कॅलिफोर्नियाची वाट धरली. त्यांच्या गाडीच्या मागेही तंबूच बांधलेला असे. त्यांच्याही टपावर गादीच असे. पण त्यांना कोणी ‘प्रवासी’ म्हटलं नाही. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखाने १३६ शिपाई राज्याच्या सीमेवर उभे केले. खिशात पैसे नसतील त्याला आल्या वाटेने परत पाठवायचं, असा हुकूम. गादी तीच, रस्ता तोच, डबाही तोच. एकाने परत जायला घर ठेवलेलं आणि दुसऱ्याचं घर गाडीवरच, एवढ्यावरून एक पाहुणा ठरला आणि दुसरा उपटसुंभ.

ही दोन्ही चित्रं एकाच लेखकाने पाहिली, ही मोठी मजेची गोष्ट आहे. जॉन स्टाइनबेक १९३६ साली बेकरीच्या एका जुन्या गाडीतून या निर्वासितांच्या छावण्या पाहत हिंडला, वर्तमानपत्रात लिहिता झाला आणि १९३९ साली त्याची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी निघाली. तीत एक कुटुंब हडसन मोटार कापून तिचा ट्रक करतं आणि त्यावर सारं घर चढवून निघतं. पुढे हाच स्टाइनबेक वयाच्या ५८ व्या वर्षी, १९६० साली, आपला देश पुन्हा एकदा पाहावा म्हणून नव्या पिक-अप ट्रकवर कॅम्पर बसवून चार्ली नावाच्या कुत्र्यासह निघाला. घरात पलंग, शेगडी, फ्रीज. ट्रकचं नाव त्याने डॉन किहोटेच्या घोड्यावरून ‘रोसिनान्ते’ ठेवलं होतं. त्या प्रवासाचं पुस्तक १९६२ साली निघालं, त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिकही मिळालं. ट्रक आज कॅलिफोर्नियात सालिनास गावी त्याच्या नावाच्या संग्रहालयात उभा आहे. पुढे एका पत्रकाराने त्याच वाटेने जाऊन असा शोध लावला, की स्टाइनबेकने कॅम्परमध्ये काढलेल्या रात्री पुस्तकावरून वाटतात तेवढ्या नव्हत्या. बऱ्याच रात्री तो चांगल्या हॉटेलात झोपला आणि काही वेळा पत्नीही सोबत होती. मला यात काही वावगं वाटत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी पाठीचं दुखणं साहित्यापेक्षा मोठं असतं.

स्टाइनबेकचं घर घडीचं नव्हतं. घडीच्या घराला लष्कराचा हातभार लागला, तोही नकळत. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले आणि अमेरिकेला अलास्काची काळजी लागली. तिथे जायला जमिनीवरून रस्ताच नव्हता. मग १९४२ साली दहा हजारांवर सैनिकांनी, त्यांतले सुमारे एकतृतीयांश कृष्णवर्णीय, जंगल, चिखल आणि बर्फ यांतून सुमारे २,७०० किलोमीटरचा रस्ता आठ महिन्यांच्या आत काढला. (आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजच्या खड्ड्याला यंदा तिसरं वर्ष लागलं. पण तो विषय वेगळा.) १९४८ साली हा रस्ता सर्वांना खुला झाला. रस्ता कसला, खडी आणि धूळ! वाटेत धर्मशाळा विरळ, थंडी अशी की कापडी तंबूत माणसाची कुल्फी व्हावी. अशा रस्त्याला भक्कम भिंतींचं पण बुटकं घर हवं. आर. डी. हॉल या गृहस्थाने १९५० नंतरच्या दशकात ते काढलं. नाव अर्थातच ‘अलास्कन’. बुटाच्या खोक्याचं झाकण खोक्यावर बसावं तसा या घराचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावर बसतो. मुक्कामाला पोचलं की दांडा धरून हातपंप मारायचा. तेलाच्या दाबाने छप्पर हळूहळू वर चढतं. देवळाचा कळस चढताना पाहावा तसे लोक भोवती उभे राहून पाहत.

त्यानंतर आली हलकी जात. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, खाली पत्र्याच्या भिंती, वर छप्पर आणि दोहोंच्या मध्ये सभोवती जाड कापड. आत शिरून छप्पर हातांनी वर ढकललं की बिजागरीवरच्या फळ्या सरळ होतात आणि घर उभं. हे काम करणारी ‘फोर व्हील कॅम्पर्स’ नावाची कंपनी १९७२ साली निघाली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखलं, भाव चौपट झाले, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, १९७४ मध्ये सरकारने साऱ्या देशाला ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली. मोठाली फिरती घरं अंगणात रुतून बसली. अशा वेळी वाऱ्याला कमी अंग दाखवणाऱ्या या बुटक्या घराला किंमत येणं साहजिकच होतं. माणसाचंही तसंच आहे. सुबत्तेत ताठ चालावं, टंचाईत वाकून जावं.

इतकं सगळं मी पुस्तकं चाळून जमवलं, याला कारण आमचे जावई. ते कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ नोकरी करतात. २०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही उभयता लेकीकडे गेलो, तेव्हा त्यांच्या परसात चार लाकडी ओंडक्यांवर निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी उभं होतं. निळी ताडपत्री पाहून मला कोकणातलं आमचं घरच आठवलं. जून आला की आमच्याकडे पडवीला हीच ताडपत्री.

“बाबा, १९७८ चं मॉडेल आहे,” जावई म्हणाले. “शेजारच्या आजोबांकडून घेतलं. पाचशे डॉलरला.”

आमच्या सौ.नी तत्काळ गुणाकार करून “एक्केचाळीस हजार!” असं पुटपुटल्यावर लेकीने विषय बदलला.

छप्पर उचलायला गेलो तर ते निम्म्यावर अडलं. आतून वास आला. बंद घर आषाढात उघडल्यावर येतो तो, अगदी ओळखीचा. जावयांनी एका कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो न फिरवताच लाकडात बोटभर आत गेला. लाकूड असं आपण होऊन कुजत नाही. त्यातला ओलावा शेकडा २० च्या आत राहिला, तर कुजवणाऱ्या बुरशीला तिथे संसार मांडता येत नाही. कोलोरॅडोची हवा कोरडी, तिथे घर उघडं ठेवलं तरी वाळून जातं. पण पत्र्याच्या मागे एकदा शिरलेलं पाणी वाळणार कुठून? वरून पत्रा चकचकीत, आत भुसा. काही पुढाऱ्यांच्या भाषणासारखं.

गळत होतं पलंगावर. जावयांनी इंजिनियरच्या पद्धतीने पलंगाच्या बरोबर वर लांबी भरली. दुसऱ्या दिवशी नळी सोडून पाहिलं, तर पलंगावर पूर्वीइतकीच धार. तेव्हा मी पुढे झालो. संगणकातलं मला काही कळत नाही, पण माझं बालपण कौलारू घरात गेलं आहे. दर मे महिन्यात कौलं परतताना आजोबा सांगत, पाणी जिथे टपकतं तिथे ते शिरलेलं नसतं. ते आढ्याशी शिरतं, वाशावरून चालत येतं आणि जिथे पाहुणा झोपला असेल तिथे पडतं. मी शिडीवर चढून छपराच्या वरच्या अंगाने बोट फिरवत गेलो. पुढच्या कडेच्या छोट्या दिव्याचा एक स्क्रू गंजून खिळखिळा झाला होता. पलंगापासून तो सहा फूट लांब होता. चोर तोच निघाला. त्या दिवसापासून जावई मला चहा स्वतः करून देऊ लागले.

मग दीड महिना आमचं हे बांधकाम खातं चाललं. कडांच्या पट्ट्या काढल्या, जुनी वाळून खडखडलेली लांबी खरवडली, तिच्या जागी ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी बसवली. ती वर्षानुवर्षं मऊ राहते, त्यामुळे गाडी हिंदकळली तरी सांधा उघडत नाही. कुजलेलं प्लायवूड कापून नवं जोडलं. भोवतालचं कापड घड्यांवर विरलं होतं. माणसासारखंच कापडही जिथे रोज वाकतं तिथेच आधी फाटतं. आमच्या सौ. फॉल-पिकोच्या भरवशावर पुढे सरसावल्या. लेकीच्या शिलाईयंत्राच्या तीन सुया मोडल्यावर ते काम गाड्यांची आसनं शिवणाऱ्या कारागिराकडे गेलं. गाद्यांना मात्र त्यांनी सोलापुरी चादरीच्या खोळी चढवल्या. एकच वस्तू न उघडता चालली, ती म्हणजे फ्रीज. हा फ्रीज गॅसच्या ज्योतीवर चालतो. खाली आग आणि वर बर्फ! प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही किमया शोधली. त्यात हलणारं यंत्र काही नाही. ज्योतीने अमोनिया उकळतो, फिरतो, थंडी करतो. अट एकच, घर सपाट जमिनीवर उभं हवं. घर कललं की थंडी संपली.

मी एकदा लेकीला विचारलं, “एवढे कष्ट या खोक्यावर? त्यापेक्षा धड घर का घेत नाही?”

“बाबा, घर घ्यायला आधी राहायचं नक्की व्हावं लागतं ना,” ती म्हणाली.

तेव्हा मला कळलं. व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस, नाही तर गाशा गुंडाळायचा. कायमच्या परवान्याची भारतीयांची रांग इतकी लांब, की नंबर लागेपर्यंत नातवंडं व्हावीत. जावयांच्या कंपनीतली काही माणसं त्याच वसंतात कमी झाली होती. ते रात्री छपराचे स्क्रू मोजत बसत, ते कशासाठी हे मग मी विचारलं नाही. घडीचं घर म्हणजे दोन घडीचंही घर.

अमेरिकन माणसालाही हा अनुभव नवा नाही. २००८ च्या मंदीत कित्येकांची घरं गेली आणि उतारवयात ते मोटारघरांत राहून मोसमी मजुरी करत गावोगाव हिंडू लागले. त्यांच्यावरच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकाचा सिनेमा झाला आणि त्याला २०२१ साली ऑस्करही मिळालं. शंभर वर्षांत चक्र पुरं फिरलं. फोर्डसाहेबांचे भटके, ओक्लाहोमाचे शेतकरी, स्टाइनबेक आणि हे म्हातारे मजूर, सगळ्यांच्या गादीची लांबी-रुंदी साधारण सारखीच. घर सोडून जाण्याची मौज त्यालाच, ज्याचं घर मागे जागेवर उभं आहे. बाकीच्यांच्या बाबतीत ती नुसती घर सोडण्याची गोष्ट.

आता त्या आजोबांचं सांगतो. वय ऐंशीच्या पुढे. पत्नी दोन वर्षांमागे वारली होती. तिच्याबरोबर त्यांनी या डबीत बसून निम्मा देश पालथा घातला होता. आता राहतं घर विकून ते मुलीच्या गावी वृद्धनिवासातल्या एका खोलीत राहायला निघाले होते. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. कॅम्पर त्यांनी जावयांना दिला तो एका अटीवर : छप्पर पुन्हा उभं राहिलं की मला हाक मारा.

कपाटाच्या आतल्या बाजूला त्यांच्या पत्नीने पेन्सिलीने तीन रकाने आखले होते. वर्ष, गाव, पाऊस. शेवटच्या रकान्यात फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. १९७९ पासून सव्वीस उन्हाळे. आणि नेमकी तीच फळी खालून निम्मी कुजलेली! नवी फळी बसवणं दहा मिनिटांचं काम होतं. जावयांनी त्यापायी दोन दिवस घालवले. कुजका भाग अक्षरांच्या कडेपर्यंत कोरून काढला, उरलेलं लाकूड वाळवून त्याला घट्ट करणारा राळेचा लेप पाजला आणि तो तुकडा नव्या फळीत कोंदणासारखा बसवला. पंचेचाळीस वर्षांच्या त्या घराचं छप्पर, कापड, भिंती यांतलं जुनं किती उरलं म्हणून विचाराल, तर फार नाही. पण तेवढं उरलं.

ऑगस्टच्या अखेरीला छप्पर एका दमात वर गेलं. आजोबांना हाक मारली. ते काठी टेकत आले, पायरी चढून आत गेले आणि ताठ उभे राहिले. छपराला हात लावून पाहिला. सोलापुरी चादर चिमटीत धरून पाहिली. कपाट उघडून मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एकच विचारलं, “गळतं का?”

जावयांनी उत्तर न देता नळी सुरू केली. अर्धा तास छपरावर धो धो पाणी. आजोबा आत, आम्ही बाहेर. पाणी बंद झाल्यावर त्यांनी दार उघडलं, लेकीला खुणेने आत बोलावलं आणि खिशातली पेन्सिल तिच्या हातात दिली. तिने सव्विसाव्या ओळीखाली सत्ताविसावी लिहिली. वर्ष, २०२३. गाव, ‘परसदार’. आणि पाऊस, ‘हो’. तिला अडवून मी म्हटलं, “अगं, तो पाऊस नव्हता, नळ होता.” पण आजोबांना मराठी कुठलं यायला? ते ओळीवर बोट ठेवून मान डोलावत होते. अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, रकाना ओळखता येत होता.